कॉलवाला दारावर यायचा का? जी.आय.पी.तल्या एका पणजोबांचा शोध

घरात गोष्ट अशी सांगितली जायची. पणजोबा जी.आय.पी.त, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत, मेलगाडीचे ड्रायव्हर होते. कसारा घाटात एकदा गाडी मागे घसरायला लागली, ती त्यांनी सावरली, आणि गोऱ्या साहेबानं मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. पुढे १९३०च्या संपात नोकरी गेली, घड्याळ विकलं, आणि बिऱ्हाड इगतपुरीहून भुसावळला गेलं.

ठाण्याच्या एका शिक्षिका ताईंनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि माझ्या टेबलावर एक पितळी बिल्ला ठेवला. गोल, रुपयाहून मोठा, वरच्या कडेला भोक पाडलेला. त्यावर इंग्रजीत जी.आय.पी.आर., खाली लोको आणि त्याखाली तीन आकडी नंबर. "काका, या नंबरवरून माणूस सापडेल ना?"

नंबरवरून माणूस सापडत नाही. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं, आणि पुढचे अकरा महिने आम्ही इतर वाटांनी त्या माणसाकडे जात राहिलो. कुटुंबाच्या संमतीनं ते प्रकरण इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, हौसेनं मोडी शिकलो आणि आता लोकांची जुनी कागदपत्रं वाचून देतो.

ताई माझ्याकडे आल्या त्यामागे २०२३ होतं. त्या वर्षी न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतले मोडीतले गठ्ठे कित्येक वर्षांनी सुटले. सिन्नर तालुक्यातल्या आपल्या गावी ताईंचे चुलतभाऊही गेले. पणजोबांच्या भावांच्या नोंदी मिळाल्या, पण पणजोबांचा मुलगा, म्हणजे ताईंचे आजोबा, कुठल्याच वहीत नव्हते. "एक अख्खी शाखा कागदावर नाहीच," असं ताई म्हणाल्या. जातीच्या दाखल्याचं काम दुसऱ्या नोंदीवर भागलं, पण ही रुखरुख राहिली.

आधी जिथे शोधलं आणि वेळ गेला

ताईंचा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. त्यानं आमच्या आधीच महिनाभर घालवला होता. वंशावळीच्या एका मोठ्या संकेतस्थळावर रेल्वे नोकरांच्या नोंदींचा संग्रह आहे, १८३३ ते १९५६ पर्यंतचा. त्यात त्यानं पणजोबांचं आडनाव सात प्रकारच्या स्पेलिंगनं घालून पाहिलं. तो संग्रह ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांचा आहे. जी.आय.पी. लंडनमध्ये कायद्यानं स्थापन झालेली कंपनी असली, तरी तिचे कागद त्यात नाहीत, ते ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मग तो तिथल्या सूचींकडे वळला. तिथे इगतपुरी भरपूर सापडली. इंजिन ड्रायव्हर, फोरमन, त्यांची लग्नं, मुलांचे बाप्तिस्मे, कबरी. सगळे गोरे नाही तर अँग्लो-इंडियन. त्यांच्या चर्चमधल्या नोंदींच्या प्रती मुंबई इलाख्यातून लंडनला जात, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा लिहिलेला असे. त्यामुळे इगतपुरीच्या एखाद्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचा पणतू ऑस्ट्रेलियात बसून दोन संध्याकाळी आपला माणूस शोधू शकतो. त्याच ड्रायव्हरशेजारी उभं राहून भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माणसाचा पणतू ठाण्यात राहूनही शोधू शकत नाही. भाचा यावर फार चिडला होता. त्याचं चिडणं बरोबरच होतं, पण त्यातून कागद निघणार नव्हता.

दुसरी वाट माहिती अधिकाराची. दहा रुपये भरून ताईंनी रेल्वेच्या एका कार्यालयाकडे पणजोबांचं सेवापुस्तक मागितलं. मुदतीत उत्तर आलं: इतक्या जुन्या कर्मचाऱ्यांचे अभिलेख जतनाची मुदत संपल्यानं उपलब्ध नाहीत. उत्तर अपेक्षितच होतं. अर्ज करू नये असं मी म्हणत नाही, दहाच रुपये जातात. पण त्यावर सगळी भिस्त ठेवून सहा महिने वाट बघत बसणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

तिसरी वाट पेन्शनची, आणि ती बंदच होती. "पेन्शनचे कागद कुठेतरी असतीलच," असं ताईंचे काका छातीठोकपणे सांगत. रेल्वेत पेन्शन योजना आली नोव्हेंबर १९५७मध्ये. त्याआधी निवृत्त झालेल्या माणसाला प्रॉव्हिडंट फंड मिळे, लोकांच्या तोंडी नुसता 'फंड'. पणजोबा वारले १९५३ साली. म्हणजे पेन्शन बुक या घरात कधी आलंच नव्हतं. शोधायचा होता तो फंडाचा कागद. ही एक गोष्ट आधी कळली असती तर काकांनी माळ्यावरच्या तीन ट्रंका फक्त 'पेन्शन' शब्दासाठी उपसल्या नसत्या. (त्यांतल्याच एका ट्रंकेत पुढे काय निघालं ते येतंच.)

कंपनीची हद्द आणि मालकी कशी बदलत गेली, हेही अशा शोधात कामाला येतं. १९०० साली सरकारनं जी.आय.पी. विकत घेतली, पण चालवायला कंपनीकडेच ठेवली. १ जुलै १९२५ला कारभारही सरकारनं घेतला. ५ नोव्हेंबर १९५१ला तिची मध्य रेल्वे झाली, त्यात निजाम आणि शिंदे संस्थानच्या रेल्वेही आल्या. सोलापूरकडच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: तो विभाग १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेला होता आणि १९७७ मध्ये परत आला. कागद माणसांबरोबर फिरतात, आणि दर फेरीला थोडे कमी होतात.

बिल्ला, आणि माझी चूक

आता बिल्ल्याकडे येतो, कारण त्यावरून मी सुरुवातीलाच घसरलो.

भोक असलेला असा बिल्ला अंगावर लावायचा नसतो. कारखान्याच्या किंवा लोको शेडच्या, म्हणजे इंजिनघराच्या, फाटकाशी खिळे ठोकलेली फळी असे. कामगार आत येताना आपला बिल्ला उचलायचा, सुटताना परत टांगायचा, त्यावरून हजेरी लागायची. हत्यारखान्यातून पाना किंवा कानस घेतली की त्या बदल्यात बिल्ला ठेवायचीही पद्धत होती. माझा तर्क सरळ होता. गाडीवर जाणारा माणूस, म्हणजे 'रनिंग'चा, बिल्ला टांगत नाही, तो ड्यूटीवर येताना वहीत सही करतो. म्हणजे पणजोबा शेडमधले फिटर किंवा खलाशी असणार, आणि ड्रायव्हरची गोष्ट ही घरानं केलेली बढती.

शिवाय त्या काळात मेलगाड्यांच्या इंजिनावर ड्रायव्हर बहुतेक गोरा किंवा अँग्लो-इंडियनच असे. आपला माणूस क्लीनर म्हणून लागायचा, इंजिन पुसायचा, राख काढायचा. मग फायरमन, मग यार्डात डबे लावणारा शंटर. त्यापुढे मालगाडी मिळाली तर नशीब. १९३०च्या आधी मेलचा मराठी ड्रायव्हर म्हणजे कागद पाहिल्याशिवाय मी मानणार नव्हतो. ताईंना मी हे जरा जास्तच ठासून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

मग आम्ही भुसावळला त्यांच्या आत्यांकडे गेलो. आत्या चौऱ्याऐंशीच्या. त्यांचे आजोबा, म्हणजे ताईंचे पणजोबा, वारले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, म्हणजे पणजोबांना पाहिलेली घरात उरलेली शेवटची व्यक्ती. जाण्याआधी मी प्रश्न लिहून नेले होते. 'आजोबा काय काम करायचे?' हा त्यात नव्हता, कारण त्याचं उत्तर ठरलेलं होतं: मेल ड्रायव्हर. हुद्दा विचारला की माणसं गोष्ट सांगतात. कामावर जातायेताना घरात काय घडायचं ते विचारलं की हुद्दा आपोआप कळतो. मी विचारलं, ते निघायचे ते भोंग्यावर की कुणी बोलवायला यायचं?

"कॉलवाला यायचा," आत्या लगेच म्हणाल्या. "मी नाही पाहिला, पण माझे वडील सांगायचे. रात्री दोन वाजता दारावर काठी आपटायची. आजोबा उठायचे, कंदिलाच्या उजेडात त्याच्या वहीत सही करायचे. मग आजी उठून भाकरी टाकायची. पोरांची झोप मोडायची म्हणून आजी त्या कॉलवाल्याला शिव्या द्यायची."

माझा सगळा तर्क इथे कोसळला. शेडच्या फिटरला, खलाशाला भोंगा असतो, ठरलेली पाळी असते. रात्री-बेरात्री घरी येऊन, वहीवर सही घेऊन ज्याला उठवतात तो गाडीवर जाणाराच माणूस. म्हणजे पणजोबा रनिंगचे होते. बिल्ला त्यांच्या क्लीनर असतानाचा असणार, शेडमधल्या दिवसांचा. परत न करता तो घरी कसा राहिला, ते त्यांनाच ठाऊक. प्रवासात ताईंना मी तसं सांगितलं, आणि माझी चूक झाली हेही. त्या खूश झाल्या, पण मेल ड्रायव्हर काही अजून सिद्ध झाला नव्हता.

आत्यांनी आणखी दोन गोष्टी दिल्या. पणजोबांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. हे ऐकून मी कान टवकारले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला, त्यानंतरची इजा असेल तर भरपाईचा कागद असण्याची शक्यता होती. पण लग्नाच्या वेळीही ते बोट तसंच होतं, असं आत्यांची आजी सांगायची. म्हणजे इजा कायद्याच्या आधीची. ती वाट तिथेच संपली.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरातली तांब्याची कळशी. तिच्या गळ्याखाली ठोक्यांनी कोरलेलं नाव होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होतीच, लग्नात आलेल्या, विकत घेतलेल्या प्रत्येक भांड्यावर. लोक ते नाव वाचतात आणि भांडं घासून ठेवून देतात. मी नेहमी म्हणतो, कागद नसलेल्या घरात आधी भांडी बघा. कळशीवर पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, 'जी. आय. पी. इगतपुरी' आणि 'सन १९१९' एवढं होतं. आडनाव नव्हतं.

आडनाव नव्हतं हीच मोठी खूण होती. ताई, त्यांचा भाचा, काका, सगळे आडनावानं शोधत होते. कामगारांच्या हजेरीपटांत, पगारपत्रकांत त्या काळी बहुतेकदा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहीत. त्यातही इंग्रजी लिहिणारा कारकून कानाला जसं येईल तसं लिहिणार. सखारामचा साकाराम आणि विठोबाचा विटू होणं नेहमीचंच. या कुटुंबानं आडनाव कागदावर लावायला सुरुवात केली ती आजोबा शाळेत गेल्यावर. म्हणजे सगळे चुकीच्याच रकान्यात शोधत होते.

जन्म सापडला तो बायकोच्या गावात

आजोबांची जन्मनोंद सिन्नरकडच्या गावात नव्हती. इगतपुरी नगरपालिकेच्या जुन्या वहीतही मिळाली नाही. ताईंनी आशा सोडली होती. मी त्यांना विचारलं, आजोबा थोरले होते ना? हो, पहिलेच. मग पहिलं बाळंतपण कुठे होणार?

पणजीचं माहेर निफाड तालुक्यात होतं. तिथल्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची, वही, जिल्ह्यातल्या इतर गावांसारखीच, मोडीत. दोन फेऱ्या झाल्या, कारण पहिल्या दिवशी हव्या त्या सालाची वहीच मिळाली नाही. दुसऱ्या फेरीत फेब्रुवारी १९१८ची ओळ सापडली. मुलगा, बापाचं नाव, आजोबांचं नाव, जात, आणि रहिवासाच्या जागी 'इगतपुरी'. खबर देणारा मुलाचा मामा. धंद्याच्या रकान्यात मला वाटलं होतं 'आगगाडी' किंवा 'चाकरी' असं काही असेल. तिथे 'शेती' होती. मामानं आपला धंदा सांगितला असणार, आणि लिहिणाऱ्यानंही पुढे काही विचारलं नसणार.

ओळ वाचून दाखवली तेव्हा ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आप्पांचा वाढदिवस आम्ही आयुष्यभर एक जूनला केला." एक जून ही शाळेची तारीख. मास्तरांनी पोरगं शाळेत घालून घेताना लावलेली. महाराष्ट्रात त्या दिवशी जन्मलेल्यांची संख्या बघितली तर सगळी बाळं एकाच पहाटे झाली असं वाटेल.

१९३० मध्ये नक्की काय झालं

या प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला.

घरची गोष्ट म्हणते, संपात नोकरी गेली. जी.आय.पी.चा मोठा संप ४ फेब्रुवारी १९३०ला सुरू झाला. नागपूरचे कामगार पुढारी रुईकर त्यात आघाडीवर होते. संप फसला, आणि संपकऱ्यांना परत घेण्याचा प्रश्न नंतरही बराच काळ धुमसत राहिला. मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये त्या काळच्या संपांची महिन्यागणिक माहिती मिळते, वर्तमानपत्रांतही मिळते, पण तिथे माणसांचे आकडे असतात, नावं नसतात. आम्ही तो भाग वाचला तो दिवस-महिना पक्का करण्यापुरता.

पण १९३०मध्ये इगतपुरीत दुसरंही काही घडत होतं. कल्याण ते इगतपुरी विजेवर गाडी धावू लागली ती त्याच वर्षी. थळ घाटाचा, म्हणजे कसारा घाटाचाच, चढ सदतीसास एक, दर सदतीस फुटांना एक फूट वर. १८६५ साली घाट सुरू झाल्यापासून गाडी वर न्यायला मागून इंजिन लावावं लागे, त्याला बँकर म्हणतात. कसाऱ्याला बँकर जोडायचा, इगतपुरीला सोडायचा, आणि परत खाली. या कामावर वाफेची इंजिनं, त्यांचे फायरमन, क्लीनर, राखवाले अशी मोठी वस्ती इगतपुरीत पोसली गेली होती. वीज आल्यावर घाटातली वाफेची इंजिनं उठली. मग फायरमन लागतो कशाला? वाफेची माणसं पुढे जिथे वाफ होती तिकडे सरकली, म्हणजे मनमाडकडे, भुसावळकडे.

एकाच वर्षात दोन कारणं. संपात हाकलला गेलेला माणूस आणि विजेमुळे बदली झालेला माणूस, दोघंही १९३०मध्ये इगतपुरी सोडून भुसावळला जाणार. घरानं त्यातलं धीट कारण लक्षात ठेवलं असेल का? मला तशी शंका होती. 'संपात गेली' हे सांगायला बरं वाटतं. 'विजेनं गेली' याची गोष्ट होत नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर इथे उपयोगी पडेल असं वाटलं. आजोबांचं नाव इगतपुरीच्या शाळेतून कमी झालं ते जून १९३०मध्ये. शाळा सोडण्याचं कारण: 'परगावी गेला'. त्याच वर्षी भुसावळच्या शाळेत दाखल. पालकाचा धंदा: 'रेल्वे'. बदलीच्या बाजूनं पारडं झुकलं. नोकरी गेलेल्या माणसाचा धंदा 'रेल्वे' कसा लिहितील? पण दाखल करताना धंदा कोण सांगतं, तर सोबत आलेला माणूस. आत्यांना विचारलं तेव्हा कळलं, भुसावळला आधी पणजोबांचे मावसभाऊ राहत होते, यार्डात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. बिऱ्हाड उतरलं ते त्यांच्या चाळीत. शाळेत पोराला तेच घेऊन गेले असतील तर धंदा त्यांचाही असू शकतो. निफाडच्या वहीतल्या मामाची 'शेती' माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

मग काकांची ट्रंक. पेन्शन शोधताना त्यांनी एक मळका इंग्रजी कागद 'हे काही नाही' म्हणून बाजूला टाकला होता. तो प्रॉव्हिडंट फंडाचा शेवटचा हिशेब होता, १९४५ सालचा. नाव, बापाचं नाव, ठिकाण भुसावळ, हुद्दा: शंटर. आणि नेमणुकीची तारीख फेब्रुवारी १९३१.

कळशी १९१९ मध्ये त्यांना जी.आय.पी.त दाखवते, कोतवाल बुक १९१८ मध्ये इगतपुरीत दाखवतं, आणि फंडाचा कागद म्हणतो की माणूस १९३१ मध्ये लागला. बदली झाली असती तर जुनी तारीख चालू राहिली असती. नोकरी तुटली आणि नंतर नव्यानं लागली तरच नवी तारीख पडते. जून १९३० ते फेब्रुवारी १९३१ हे आठ-नऊ महिने मावसभावाच्या चाळीत गेले असणार. संप संपल्यावर बाहेर राहिलेले आणि मग कमी-जास्त दिवसांनी, पुन्हा खालून सुरुवात करत परत घेतले गेलेले लोक होते. पणजोबा त्यांतले एक असावेत. गोष्ट खरी निघाली होती, आणि मी ती खोडायला निघालो होतो.

'असावेत' असं म्हणतो, कारण एक फट उरते. त्या काळी फंडात सगळ्याच नोकरांना घेत नसत. कमी पगाराची माणसं वर्षानुवर्षं बाहेर असत. कारकुनानं नेमणुकीच्या जागी फंडात घेतल्याची तारीख लिहिली असेल, तर माझं सगळं अनुमान पडतं. ताईंनी हे ऐकून विचारलं, "मग तुमचा कल कुठे?" संपाकडे, मी म्हटलं. कागदावर रकाना 'अपॉइंटमेंट'चा आहे, आणि भुसावळचं पहिलं वर्ष मावसभावाच्या खोलीत गेलं हे आत्या कुठलाही कागद न पाहता सांगतात. त्या घरात त्या वर्षी पुरुष दोन आणि पगार एक, असं त्यांच्या आजीचं म्हणणं होतं. याहून चांगला पुरावा फार क्वचित हाती लागतो.

घड्याळाचं मात्र काही मिळालं नाही. गाडी सावरल्याची बातमी आम्ही पाहिलेल्या अंकांत दिसली नाही. घाटात घसरणाऱ्या गाड्यांसाठी कॅच साइडिंग असत, चढाच्या बाजूला वळवून गाडी थांबवायला. असा एखादा प्रसंग रोजच्या बोलण्यातून पणजोबांच्या नावावर चढला असेल. मी त्यावर आणखी वेळ घालवला नाही.

त्र्यंबकेश्वरला मात्र गेलो, ताईंच्या आग्रहानं. तीर्थोपाध्यांच्या चोपड्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात, त्यामुळे तिथे तरी आडनावानं शोधता येतं. तासाभरात पान निघालं. पणजोबा १९४६ मध्ये येऊन गेले होते, निवृत्तीनंतरच्या वर्षी. 'हल्ली मुक्काम भुसावळ', खाली भावांची, मुलांची नावं, आणि शेवटी त्यांची सही, मोडीत. अक्षर जड, पण स्वतःचं. ताईंच्या घरात सगळ्यांना वाटत होतं की ते अंगठेबहाद्दर होते. कॉलवाल्याच्या वहीत रोज सही करणारा माणूस अंगठा कशाला उठवेल, हे माझ्याही लक्षात तोपर्यंत आलं नव्हतं. ताईंनी त्या सहीचा फोटो काढला, आणि पूर्ण शोधात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

कुटुंबाला काय लिहून दिलं

दोन पानांचं टिपण केलं. पहिल्या पानावर कागदांतून आलेलं: १९१८ मध्ये इगतपुरीत रहिवास, १९१९ मध्ये जी.आय.पी.त, सुरुवात बहुधा शेडमध्ये, पुढे रनिंगला, जून १९३० मध्ये भुसावळ, १९३१ मध्ये नवी नेमणूक, १९४५ मध्ये शंटर म्हणून निवृत्त. दुसऱ्या पानावर आत्यांचं बोलणं, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह. दोन्ही पानं मी मुद्दाम वेगळी ठेवतो. दहा वर्षांनी कुणी वाचलं तर कुठला शब्द कळशीवरचा आणि कुठला आत्यांचा हे कळलं पाहिजे.

'मेल ड्रायव्हर' पहिल्या पानावर नव्हता. संपानंतर खालून पुन्हा सुरुवात केलेला माणूस आधी काय होता हे शंटरच्या हुद्द्यावरून ठरत नाही, पण मेलच्या ड्रायव्हरकीचा एकही कागद निघाला नव्हता. हे आत्यांना सांगायची वेळ आली तेव्हा ताई गप्प बसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मग मीच समजावलं. घाटात मेलगाडीला मागून लावायचं बँकर इंजिन असे, त्यावर फायरमन म्हणून काम केलेला माणूस घरी येऊन सांगणार, 'आज मेलवर होतो.' ऐकणाऱ्याला वाटणार, पुढच्या इंजिनावर. मेल ते चालवत नसावेत, मागून ढकलत असावेत.

आत्यांनी टिपण दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"ढकलल्याशिवाय चढायची का ती?"

नाही चढायची, मी म्हटलं.

"मग मेलवरच होते ना."

दुसऱ्या पानावर मी 'मेलवर' हा शब्द लिहिला, पुढे कंसात 'बँकर', आणि त्यांना सही करायला पान पुढे केलं.